बेसबॉलवर पहिली पैज लावण्याआधी

नोकरीनिमित्त न्यू जर्सीत येऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या पहिल्याच उन्हाळ्यात दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ऑफिसात कोणी ना कोणी न्यू यॉर्कचे यँकीज व मेट्स किंवा फिलाडेल्फियाचे फिलीज यांच्या कालच्या सामन्याविषयी बोलत असते, जरी या राज्याचा स्वतःचा असा एकही मोठा बेसबॉल संघ नसला तरी. दुसरी म्हणजे टीव्हीवर सामना लावला की थोड्या थोड्या वेळाने पैज लावण्याच्या एखाद्या ॲपची जाहिरात येते आणि तीत पहिल्या पैजेवर काहीतरी फुकट देऊ केलेले असते. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला वाटते की चेंडू आणि बॅटचा खेळ आपल्याला कळतोच, तेव्हा हेही जमेल. मलाही तसेच वाटले होते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्या समजुतीची किंमत मी रोख मोजली. हा लेख त्यानंतर जे शिकलो त्यावर आधारलेला आहे आणि जिथे अशी पैज कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या प्रौढ वाचकासाठी लिहिला आहे.

आधी कायदा

अमेरिकेत १९९२ च्या एका केंद्रीय कायद्याने नेवाडा आणि काही किरकोळ अपवाद वगळता बहुतेक राज्यांना खेळांवरील पैजांना परवानगी देण्यास मनाई केली होती. न्यू जर्सीने त्याविरुद्ध अनेक वर्षे खटला लढवला आणि १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. बरोबर एका महिन्याने, १४ जूनला, मॉनमथ पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर राज्याच्या गव्हर्नरांनी तिथली पहिली कायदेशीर पैज लावली. तेव्हापासून प्रत्येक राज्य आपापला निर्णय घेत आले आहे. न्यू यॉर्कमध्ये ऑनलाइन पैजा जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या, तर कॅलिफोर्निया आणि टेक्सास या लोकसंख्येने सर्वांत मोठ्या दोन राज्यांनी त्या मार्गाने जायचे टाळले. न्यू जर्सीत वयाची अट २१ वर्षांची आहे. ॲप तुमचा फोन नेमका कुठे आहे हे तपासते, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये उघडलेल्या खात्यातून कॅलिफोर्नियात सॅन होजेला मावशीकडे गेल्यावर पैज लागत नाही, आणि ती फसवून लावण्याचा प्रयत्न केल्यास खाते गोठवले जाऊ शकते.

भारतात स्थिती अगदी वेगळी आहे. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा मूळ कायदा १८८७ चा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे यांवर देशभर बंदी आणली. तेव्हा पुण्यात किंवा पणजीत बसून हे वाचणाऱ्याने खेळ समजून घेण्यापुरतेच ते वाचावे. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबईचा मटका सुरुवातीला न्यू यॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर चालत असे. म्हणजे मुंबईकर माणूस न्यू यॉर्कच्या आकड्यांवर पैसे लावतो ही काही ॲपच्या जमान्यातली नवलाई नव्हे.

कराचा मुद्दा बरेच जण विसरतात. अमेरिकेत जिंकलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि हरलेली रक्कम काही अटींवरच वजा करता येते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या करकायद्यानुसार २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजा होतात. म्हणजे वर्षभरात दहा हजार डॉलर जिंकून तितकेच हरलेल्या, प्रत्यक्षात हाती काहीही न लागलेल्या माणसाच्या उत्पन्नात एक हजार डॉलरची भर पडू शकते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना याहून कडक नियम लागू होऊ शकतात, म्हणून त्यांनी पहिल्या पैजेआधी करसल्लागाराला विचारलेले बरे.

खेळ किती कळायला हवा

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे एकूण २,४३० सामने होतात, आणि त्यानंतर ऑक्टोबरमध्ये १२ संघांची बाद फेरी होते. प्रत्येक संघ नऊ वेळा फलंदाजी करतो, प्रत्येक वेळी तीन बाद झाले की पाळी संपते, आणि पाहुणा संघ नेहमी आधी खेळतो. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग होते. नाणेफेक नसते. सामना बरोबरीत सुटत नाही. नऊ इनिंगनंतर धावा सारख्या असतील तर जादा इनिंग सुरू होतात आणि नियमित मोसमात त्यांतल्या प्रत्येक पाळीच्या आरंभी एक धावपटू आयताच दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या निम्म्या वाटेवर, उभा केला जातो. ही शेवटची बारीक गोष्ट पुढे एकूण धावांच्या पैजेत कामास येईल.

नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाते ते हे की बेसबॉलमध्ये चांगला संघसुद्धा फार हरतो. २००१ साली सिॲटल मरिनर्सने १६२ पैकी ११६ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केली, तरी ४६ वेळा ते हरलेच. २०२४ च्या शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावले, जे १९०० नंतरच्या कुठल्याही संघाच्या पराभवांपेक्षा अधिक आहेत, तरीही ४१ वेळा, म्हणजे साधारण दर चौथ्या सामन्यात, ते जिंकले. रणजीच्या बलाढ्य मुंबईसमोर एखादा दुबळा संघ आला की निकाल आपण गृहीत धरतो. ती सवय इथे घरी ठेवून यावे लागते. कोणत्याही मंगळवारी कोणताही संघ कोणालाही हरवतो आणि पैजांचे भाव हे जाणूनच ठरवलेले असतात. घरच्या मैदानाचा फायदाही बेताचाच आहे. यजमान संघ साधारण ५३ ते ५४ टक्के सामने जिंकतात.

म्हणून पैसे न लावता पहिला महिना नुसता खेळ पाहावा. एकच संघ निवडावा, त्याचे पंचवीसेक सामने पाहावेत, आणि प्रत्येक सामन्याआधी कागदावर आपला अंदाज आणि तेव्हाचा भाव लिहून ठेवावा. महिन्याअखेरीस तो कागद बघताना थोडी लाज वाटली, तर महिना कारणी लागला असे समजावे.

फलक वाचताना

समजा, क्वीन्समधल्या सिटी फील्डवर मेट्स विरुद्ध फिलीज असा सामना आहे. ॲपवर पाहुणा संघ वर आणि यजमान संघ खाली असतो, आणि समोर तीन रकाने दिसतात. फिलीजच्या ओळीत +१३०, मग +१.५ (-१६५), मग ८ च्या वर (-११०). मेट्सच्या ओळीत -१५०, मग -१.५ (+१४०), मग ८ च्या खाली (-११०).

पहिला रकाना मनीलाइनचा, म्हणजे नुसते कोण जिंकेल याचा. आकडा उणे असेल तर १०० डॉलर कमावण्यासाठी किती लावावे लागतील ते तो सांगतो, आणि अधिक असेल तर १०० डॉलर लावल्यास किती कमाई होईल ते सांगतो. मेट्सवर १५० लावले आणि मेट्स जिंकले तर आपले १५० आणि वर १०० परत मिळतात. फिलीजवर १०० लावले आणि ते जिंकले तर १०० आणि वर १३० मिळतात.

दुसरा रकाना रन लाइनचा. यात मेट्स किमान दोन धावांनी जिंकायला हवेत, आणि फिलीज एका धावेने हरले तरी त्यांच्यावरची पैज जिंकते. बेसबॉलमध्ये चारांतल्या एकाहून अधिक सामने एकाच धावेच्या फरकाने सुटतात, म्हणून ही दीड धाव दिसते त्याहून फार महाग असते. यजमान संघाच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. नवव्या इनिंगच्या वरच्या, म्हणजे पहिल्या, अर्ध्यात पाहुण्यांचे तीन बाद झाले आणि यजमान पुढे असतील, तर सामना तिथेच संपतो आणि यजमानांची शेवटची पाळी खेळलीच जात नाही. यजमान शेवटच्या पाळीत जिंकले तरी विजयाची धाव येताच खेळ थांबतो, आणि होम रन, म्हणजे कठड्यापार गेलेला फटका, वगळता फरक बहुधा एकाच धावेचा राहतो. थोडक्यात, घरी खेळणारा संघ जिंकतो पुष्कळदा, पण फरक वाढवायची एक संधी त्याला कमी मिळते. जिंकणार तर मेट्सच, मग जास्त पैसे देणारी रन लाइनच का घेऊ नये, असा विचार प्रत्येक नवख्याच्या मनात येतो. त्याचे उत्तर या न खेळल्या गेलेल्या पाळीत आहे.

तिसरा रकाना दोन्ही संघांच्या एकूण धावांचा. बरोबर आठ झाल्या तर पैसे परत मिळतात. जादा इनिंगमधल्या धावाही यात धरल्या जातात. नऊ इनिंगअखेर ३-३ अशी बरोबरी आहे आणि तुम्ही आठच्या खाली पैसे लावले आहेत, तर दुसऱ्या बेसवर उभा असलेला तो आयता धावपटू तुमच्या छातीवर येऊन बसतो.

भावात दडलेला हिशेब

या लेखातले एकच प्रकरण वाचायचे असेल तर हे वाचावे. प्रत्येक भावात एक टक्केवारी दडलेली असते. तितक्या वेळा पैज जिंकली तरच आपण ना नफा ना तोटा या रेषेवर राहतो. उणे भावासाठी त्या आकड्याला त्यात शंभर मिळवून भागावे: १५० भागिले २५०, म्हणजे ६० टक्के. अधिक भावासाठी शंभराला त्या आकड्यात शंभर मिळवून भागावे: १०० भागिले २३०, म्हणजे सुमारे ४३.५ टक्के. दोन्हींची बेरीज १०३.५ होते. दोघांपैकी एकच जिंकणार, तेव्हा खरी बेरीज शंभरच असायला हवी. वरचे साडेतीन टक्के ही कंपनीची दलाली आहे. ती काढून टाकल्यावर मेट्सची शक्यता बाजाराच्या मते ५८ टक्के आणि फिलीजची ४२ टक्के उरते.

आता याच आकड्यांवर शंभर वेळा पैज लावून पाहू. प्रत्येक वेळी दहा डॉलर कमावण्यासाठी पंधरा लावले आणि शंभरांतल्या ५८ पैजा जिंकल्या. कमाई ५८० डॉलर झाली. हरलेल्या ४२ पैजांत ६३० डॉलर गेले. शंभरांत अठ्ठावन्न वेळा बरोबर ठरूनही खिशातून ५० डॉलर कमी झाले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी आपण किती वेळा बरोबर आलो हे अभिमानाने सांगतो तेव्हा हा हिशेब आठवावा.

हाच हिशेब उलट्या दिशेनेही चालतो. त्याच मेट्सचा भाव दुसऱ्या कंपनीकडे -१३५ मिळत असेल, तर दहा कमावण्यासाठी साडेतेराच लावावे लागतात. तेच संघ, तेच अंदाज, त्याच ५८ पैजा जिंकल्या, तर ५८० मधून ५६७ वजा होऊन १३ डॉलर शिल्लक राहतात. खेळाविषयी एक शब्दही अधिक कळला नसताना तोट्याचा फायदा झाला. म्हणून परवाना असलेल्या दोन-तीन कंपन्यांची खाती उघडून प्रत्येक वेळी भाव ताडून पाहावा. मंडईत एका गाळ्यावर भाजीचा भाव ऐकून पुढच्या गाळ्याकडे जाणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागू नये. तरीही फोन हातात आला की आपण ही सवय विसरतो. एकाच सामन्यावर दोन कंपन्यांत -१५० आणि -१३५ इतका फरक रोज सापडत नाही, बहुधा पाच-सात आकड्यांचाच सापडतो, पण मोसमभराच्या हिशेबात तोही दिसतो.

यातून पुढचे वळण आपोआप येते. मेट्स जिंकतील का, हा प्रश्न अपुरा आहे. मेट्स ६० टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतील असे मानायला माझ्याजवळ बाजाराला ठाऊक नसलेले किंवा बाजाराने कमी लेखलेले काही कारण आहे का, हा खरा प्रश्न. बहुतेक दिवशी उत्तर नाही असे येते आणि त्या दिवशी पैज लावायची नसते.

सुरुवातीचा पिचर

भाव ठरवताना सर्वांत जड माप सुरुवातीच्या पिचरचे, म्हणजे सामन्याच्या आरंभी चेंडू टाकणाऱ्याचे, असते. टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये बुमराह चार षटके टाकून सीमारेषेवर जातो. इथे सुरुवातीचा पिचर साधारण पाच-सहा इनिंग सलग, दर चेंडू, एकटाच टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. त्यामुळे एकाच संघाचा सोमवारचा आणि मंगळवारचा भाव अगदी वेगळा असू शकतो. संघ तोच, मैदान तेच, प्रतिस्पर्धी तोच, फक्त टेकाडावरचा, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावरचा, माणूस बदललेला असतो.

पिचरच्या नावापुढे जिंकलेले आणि हरलेले सामने लिहिलेले असतात, त्यांकडे दुर्लक्ष करावे. २०१८ साली मेट्सच्या जेकब डीग्रॉमने क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे आलेल्या धावा वगळता नऊ इनिंगमागे केवळ १.७० धावा दिल्या आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, पण त्याच्या नावावर विजय होते १० आणि पराभव ९, कारण त्याच्या संघाला धावाच करता येत नव्हत्या. नऊ इनिंगमागच्या अशा धावांचा आकडा, ज्याला ईआरए म्हणतात, तो बरा असतो, पण मोसमाच्या सुरुवातीला दोन-चार सामन्यांवरून तोही फसवतो. त्यापेक्षा पिचर किती फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करतो आणि किती जणांना वॉक, म्हणजे फुकटचा बेस, देतो हे पाहावे. या दोन गोष्टींत क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा वाटा सर्वांत कमी असतो. एखाद्याचा ईआरए देखणा आहे पण तो स्ट्राइकआउट कमी करतो आणि वॉक जास्त देतो, असे दिसले तर तो आकडा पुढे बिघडण्याची शक्यता असते, आणि उलट परिस्थितीत सुधारण्याची.

पैज लावताना पर्यायांमध्ये एक छोटी खूण असते: ठरलेला पिचर बदलल्यास पैज रद्द करायची की तशीच ठेवायची. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, म्हणून ते आधी वाचावेत. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका नामांकित पिचरच्या भरवशावर मी नेहमीपेक्षा तिप्पट पैसे लावले. सामन्याच्या तासभर आधी पाठ आखडल्याने त्याने माघार घेतली आणि नुकताच खालच्या लीगमधून आलेला एक पोरगा टेकाडावर चढला. माझी पैज त्या पोराच्या नावे चालू राहिली, कारण ती खूण मी कधी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या इनिंगमध्ये पाच धावा झाल्या तेव्हा मी पोह्यांची ताटली तशीच ठेवून नियमांचे पान शोधत होतो.

सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या राखीव पिचरांच्या ताफ्याला बुलपेन म्हणतात. गेल्या दोन दिवसांत बुलपेनला किती चेंडू टाकावे लागले हे ॲपच्या पहिल्या पडद्यावर दिसत नाही, पण कालच्या धावफलकावर सहज सापडते. काल तेरा इनिंगचा सामना खेळलेल्या संघाचे चांगले राखीव पिचर आज बहुधा बसून असतात. केवळ सुरुवातीच्या पिचरविषयी आपले काही मत असेल आणि बुलपेनविषयी नसेल, तर पहिल्या पाच इनिंगपुरती पैज मिळते. आपल्याला जेवढे कळते तेवढ्यावरच पैसे लावायचे, या दृष्टीने नवख्याला ती सोयीची आहे.

मैदान, वारा आणि दुपारचा सामना

बेसबॉलची मैदाने एका मापाची नसतात, आणि एकूण धावांच्या पैजेत हे फार महत्त्वाचे ठरते. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. तिथे वरच्या सज्जातली खुर्च्यांची एक रांग ५,२८० फुटांची खूण म्हणून जांभळी रंगवलेली आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा वळणारा चेंडू कमी वळतो. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, त्याने फरक पडला, तरी धावा तिथे भरपूरच होतात. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे. हे सगळे भावात आधीच धरलेले असते, त्यामुळे डेन्व्हर म्हणजे धावा एवढ्या माहितीवर कोणी पैसे कमावत नाही.

वाऱ्याचे मात्र थोडे निराळे आहे, कारण तो रोज बदलतो. शिकागोचे रिगली फील्ड मिशिगन सरोवराच्या जवळ आहे. तिथे वारा सरोवराकडून आत वाहत असला तर उंच उडालेले चेंडू मैदानातच पडतात, आणि बाहेर वाहत असला तर साधे झेल कठड्यापार जातात. त्याच दोन संघांच्या सामन्याला एका दिवशी एकूण धावांची रेषा सात आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या वर असलेली तिथे पाहायला मिळते. सकाळी लवकर भाव पाहून वाऱ्याचा अंदाज ताडून पाहण्याची सवय तिथे उपयोगी पडते. दुपारनंतर तोच अंदाज सगळ्यांनी वाचलेला असतो.

रात्रीच्या सामन्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असेल तर पहिल्या पसंतीच्या कॅचरला, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाला, अनेकदा विश्रांती दिली जाते, आणि कधी एखाद्या ताऱ्यालाही. संघ सामन्याच्या काही तास आधी जाहीर होतो, तो पाहिल्याशिवाय अशा दिवशी पैज लावू नये. पावसाने सामना अर्धवट थांबला तर मनीलाइनसाठी पाच इनिंग पुरेशा धरल्या जातात आणि रन लाइन किंवा एकूण धावांसाठी पूर्ण नऊ लागतात, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे, पण हेही आपल्या कंपनीच्या नियमांत वाचून घ्यावे.

कोणत्या पैजांपासून दूर राहावे

ॲप उघडल्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसते ते पार्ले, म्हणजे अनेक पैजा एकत्र गुंफून सगळ्या जिंकल्या तरच मिळणारी मोठी रक्कम. -११० च्या तीन पैजा गुंफल्या तर १०० डॉलरवर सुमारे ५९६ डॉलर कमाई दाखवतात. प्रत्येक पैज खरोखर निम्म्या शक्यतेची असेल तर न्याय्य कमाई ७०० व्हायला हवी. एकेकट्या पैजेत साडेचार टक्के दलाली जाते, तीनच्या माळेत ती १३ टक्क्यांवर जाते. कंपन्या पार्लेच्या जाहिरातींवर इतका खर्च का करतात, हे यावरून कळावे.

पुढचा चेंडू कसा पडेल, पुढचा फलंदाज काय करेल, अशा क्षणाक्षणाच्या पैजा तर पूर्णपणे टाळाव्यात. त्यांत विचाराला वेळ नसतो, दलाली जास्त असते, आणि एकट्या माणसाला त्या वाकवता येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर ठरवून विशिष्ट चेंडू टाकल्याचे आरोपपत्र दाखल झाले. दोघांनी तेव्हा आरोप नाकारले, पण त्यानंतर लगेच एकेका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालून पार्लेमध्ये तिचा समावेश बंद करण्यात आला. बेसबॉलला या रोगाची आठवण जुनी आहे. १९१९ ची अंतिम मालिका पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू न्यायालयात सुटले, तरी आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी त्यांना कायमचे बाहेर काढले.

पैसे आणि वही

मोसमाच्या आरंभी अशी एक रक्कम बाजूला काढावी की ती सगळी गेली तरी घरभाडे, मुलांची फी आणि गावी पाठवायचे पैसे यांना धक्का लागू नये. एका पैजेवर तिचा एक टक्का, फार तर दोन टक्के लावावेत आणि रक्कम मनाच्या लहरीवर बदलू नये. निम्म्या शक्यतेच्या पैजांत कोणत्याही सलग सहा हरण्याची शक्यता चौसष्टांत एक असते, म्हणजे पुष्कळ पैजा लावल्या तर मोसमात असे होण्याचा संभव मोठा असतो. हरल्यावर दुप्पट लावून वसूल करण्याची युक्ती प्रत्येकाला आपल्याच डोक्यातून निघाली असे वाटते. दहा डॉलरपासून सुरू करून सलग सात हरलात तर १,२७० डॉलर गेलेले असतात, आणि आठव्या वेळी दहा डॉलरच्या फायद्यासाठी १,२८० लावायचे असतात.

ॲपमध्ये दर आठवड्याला किती पैसे भरता येतील याची मर्यादा स्वतः घालता येते, ती खाते उघडतानाच घालावी. हरलेले परत मिळवण्यासाठी रात्री जागणे, बायकोपासून किंवा नवऱ्यापासून आकडा लपवणे, क्रेडिट कार्डावर उसने घेणे, यांपैकी काहीही सुरू झाले तर १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर फोन करावा. न्यू जर्सीत आपले नाव बंदीच्या यादीत स्वतःहून घालून ऑनलाइन खाती किमान वर्षभरासाठी बंद करून घेता येतात. बेसबॉलचा तारा शोहेई ओतानी याच्या दुभाष्याने बेकायदा बुकीची देणी फेडण्यासाठी ओतानीच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर चोरले आणि २०२५ मध्ये ५७ महिन्यांची शिक्षा भोगायला तो तुरुंगात गेला. 

वही ठेवावी. साधी, दोनशे पानी चालेल. तारीख, सामना, सुरुवातीचे दोन्ही पिचर, पैजेचा प्रकार, मिळालेला भाव, लावलेली रक्कम, एका वाक्यात कारण, आणि निकाल. या सर्वांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: सामना सुरू होण्याच्या क्षणी तो भाव काय झाला होता. सामना सुरू होईपर्यंत जाणत्या लोकांचे पैसे आलेले असतात, त्यामुळे शेवटचा भाव सर्वांत शहाणा मानतात. तुम्ही -१३० ला घेतलेला संघ शेवटी -१४५ झाला असेल, तर पैज हरली तरी खरेदी चांगली झाली. -१३० चा -१२० झाला असेल, तर जिंकलेले पैसे नशिबाचे होते. शंभर नोंदी झाल्या की निकालाचा रकाना हाताने झाकून आधी हा रकाना वाचावा. त्यात बहुतेक ओळी तुमच्या विरुद्ध गेलेल्या दिसल्या, तर पुढच्या मोसमात लावायची रक्कम निम्मी करावी किंवा पुन्हा कागदावरच्या अंदाजांकडे वळावे. मी तिसऱ्या उन्हाळ्यात हेच केले, आणि सध्या माझी पैज पंधरवड्यातून एखादी, वीस डॉलरची असते.